फ्लेक्स काही ऑनलाईन नसतो

अंगद तसा वाईट माणूस नव्हता. कचेरीत वेळेवर जायचा, शेजारची म्हैस दारात शेण टाकून गेली तरी तोंडातून ब्र काढायचा नाही, आणि बायकोशी सकाळच्या चहाआधी कधी भांडायचा नाही. पण परळीच्या अमरसिंहाचं नाव निघालं की त्याच्या पोटात जे दुखायला लागायचं ते ओवा खाऊनही थांबायचं नाही. आणि कमाल बघा, या अमरसिंहाला त्यानं उभ्या जन्मात पाहिलेलं नव्हतं. पाहिलं होतं ते मोबाईलवर, तेही बायकोच्या.

त्याचं झालं असं. अंगद आणि रोहिणीनं आपल्या सायलीला शाळेतून काढून घरीच शिकवायचं ठरवलं होतं. का ठरवलं ते विचारू नका, ते सांगत बसलो तर सायलीचं लग्न होईल. रोहिणी बी.एड. झालेली. घरात फळा आला, खडू आले, भिंतीवर नकाशे लागले आणि मग ध्यानात आलं की शाळेतलं सगळं घरात आलंय, फक्त दुसरं पोर तेवढं आलेलं नाही. गल्लीतली पोरं सकाळी शाळेत जायची ती क्लास करून दिवेलागणीलाच उगवायची. सायली बिचारी ओट्यावर बसून एकटीच चिंचोके उडवायची, एकटीच झेलायची. जिंकायचीही तीच आणि हरायचीही तीच. रोहिणीला ते बघवेना. तिनं हुडकून काढला 'घरशाळा परिवार' नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप. बीड, परळी, गेवराई, माजलगाव अशा इकडच्याच मोजक्या घरांचा, सगळे पोरांना घरी शिकवणारे.

"पण एक सांगते," रोहिणी म्हणाली, "सायलीचं नाव, तोंड, घर, गल्ली, काही म्हणजे काही मोबाईलवर जाणार नाही. गेलं, की त्याच दिवशी आपण ग्रुपमधून बाहेर."

तिचं चुकत नव्हतं. तिच्या लातूरच्या बहिणीनं पोरीचा झालरीच्या फ्रॉकमधला फोटो हौसेनं कुठंतरी टाकला, आणि महिन्याभरात तो एका क्लासच्या जाहिरातीत उगवला. खाली लिहिलेलं, 'आमची विद्यार्थिनी, राज्यात पहिली.' पोरगी तेव्हा बालवाडीत होती आणि रोज चड्डी ओली करून घरी यायची.

रोहिणीनं नियम केला आणि अंगदनं त्याचं सोवळं केलं. ग्रुपवर घरचं नाव 'एक कुटुंब'. सायलीचं नाव 'एक बालक'. तो लिहायचा, "आज एका बालकाने एका नदीकाठी एक पक्षी पाहिला." कुणी विचारलं, कोणती नदी? हा म्हणायचा, सांगता येणार नाही. आता बीडातून नदी वाहते ती एक, आणि तिचं नाव शेंबड्या पोरालाही ठाऊक; पण अंगद काही बधला नाही. एकदा रोहिणी म्हणाली, सायलीनं लावलेल्या रोपाचा फोटो तरी टाका. यानं आधी सायलीच्या तोंडावर वांग्याचं चित्र चिकटवलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुकानाचं नाव होतं म्हणून तिथं एक वांगं. खिडकीतून समोरचं घर दिसत होतं, तिथं एक. कोपऱ्यात शेजारच्या छबुबाईची म्हैस उभी होती आणि तिचं एक शिंग मोडकं, म्हणजे जाणकार माणूस म्हशीवरून पत्ता काढणार. म्हशीवर मोठं वांगं. शेवटी फोटोत रोपही दिसेना. माजलगावहून कुणीतरी विचारलं, "भाज्यांचा धडा चाललाय का?"

एवढ्यावर थांबेल तो अंगद कसला. त्यानं सगळ्या ग्रुपसाठीच नियम लिहून काढले. आपल्या लेकराचं काय ते ज्यानं त्यानं बघावं, पण दुसऱ्याच्या लेकराचा फोटो कुणी काढायचा नाही आणि काढला तर पुढं पाठवायचा नाही. ग्रुप चालवायची मोहिनी, म्हणजे त्या अमरसिंहाचीच बायको. तिनं नियम मान्य केले, वर हात जोडल्याचं चित्र पाठवलं. त्या दिवशी अंगद कचेरीतही जरा ताठ चालला.

आणि हा अमरसिंह काय करायचा? घर बागायतदाराचं, चुलते पुढारी, आणि पठ्ठ्या रोज सकाळी आपल्या पोराचा, सुरजचा, एक व्हिडिओ टाकायचा. आज सुरज विजेच्या केंद्रातल्या राखेची वीट पाडतोय. आज सुरज वैजनाथाच्या पायऱ्यांवर बसून तेराचा पाढा म्हणतोय. आज सुरज करडू पाजतोय आणि करडाचं वजन-उंची इंग्रजीत सांगतोय. पोरगं हसायचं पण असं, की बघणाऱ्याला वाटावं आपलंच घरचं हाय. खाली बदाबदा बदाम पडायचे. बदामाचं अंगदला काही नव्हतं हो. पण एक दिवस त्यात रोहिणीच्या टाळ्या दिसल्या. अंगठा दिला असता तर यानं गिळला असता. टाळ्या! आणि त्या पण दोनदा!

"किती सुरेख शिकवतात बाई हे," रोहिणी म्हणाली, "राखेतून गणित काढलं माणसानं."

"आपल्याकडं राख न्हाई, त्याला मी काय करू?" अंगद म्हणाला आणि भाकरीचा तुकडा असा मोडला की ताटाबाहेर पडला.

त्यानंतर त्याला चैन पडेना. दाढी करताना अमरसिंह, फाईल शोधताना अमरसिंह. आपली सायली काय कमी आहे का? पण दाखवायचं कसं? तोंडावर वांगं!

शेजारच्या छबुबाईला वाटायचं, ही दोघं शहाणी आहेत. छबुबाईच्या दारात म्हशी, शेरडं, आणि सकाळ-संध्याकाळ घरोघर दूध. ती म्हणायची, "लई ब्येस केलं बाबा. लेकरू मोबाईलात दावूच न्हाई. दिष्ट लागती." एवढं म्हणायची आणि पुढच्या घरी दूध घालताना सांगायची की सायलीला काल ताप होता, तिचा वरचा दात हलतोय आणि ती अजून आईच्याच कुशीत निजते. अख्ख्या पेठेला ठाऊक. पण छबुबाई ऑनलाईन नव्हती, त्यामुळं ती नियमात बसत होती.

अशात ग्रुपनं ठरवलं की येत्या रविवारी सगळ्यांनी पोरांना घेऊन नारायणगडावर भेटायचं. सायलीनं ते ऐकलं आणि चिंचोक्यांची पिशवी पालथी करून दोन सारखे ढीग केले. एक आपला, एक 'जो येईल त्याचा'. रोज उठून ते ढीग मोजायची, कुणाला कमी जायला नको म्हणून. रोहिणी अंगदला एवढंच म्हणाली, "रविवारपर्यंत सांभाळा. मग पोरीला कुणीतरी मिळेल."

सांभाळलंही असतं. पण रविवारच्या अलीकडच्या गुरुवारी सायलीचा वाढदिवस आला, आणि अमरसिंहानं ग्रुपवर लिहिलं की मी दर गुरुवारी कामानिमित्त बीडला येत असतो. झालं. अंगदच्या डोक्यात वीज चमकली. परळीकडून येणाऱ्या रस्त्यावर चौक आहे, चौकात खांब आहेत, खांबांवर फ्लेक्स असतात. आता तुम्ही म्हणाल, आणि नियम? अहो, नियम ऑनलाईनसाठी होता. फ्लेक्स काही ऑनलाईन नसतो. तो सुतळीनं बांधलेला असतो. त्याला नेट लागत नाही, रेंज लागत नाही, पासवर्ड नसतो. आपल्याकडं माणूस जन्मला, पास झाला, निवडून आला, पडला, तरी फ्लेक्स लागतो. त्यात कुणाचं काय उघडं पडलंय? एवढा विचार करून अंगदनं बायकोला काही न सांगायचं ठरवलं. यावरूनच त्याला मनातून काय ते कळत होतं.

फ्लेक्सवाला बंकट कॉम्प्युटरसमोर बसला होता. "पद काय टाकू?"

"पद? नऊ वर्षांची हाय ती."

"तरी पद लागतंच, साहेब. बिगर पदाचं उघडंबोडकं दिसतंय. 'भावी' टाकू का?"

"भावी काय?"

"नुसतं भावी. पुढचं लोक समजून घेतेत."

मजकूर अंगदनं सांगितला. 'घरीच शिकून तीसपर्यंतचे पाढे उलटसुलट तोंडपाठ.' खरं तर सायली सतराला अडकायची, आणि उलटं तर तिला स्वतःचं नावही सांगता येत नव्हतं. पण तिकडं तेरा होते आणि सुलटे होते, त्याला उत्तर नको का द्यायला?

"वर तानाजीभाऊंचा फोटो लागंल," बंकट म्हणाला. तानाजीभाऊ म्हणजे त्या भागातले पुढारी.

"ते कावून?"

"कावून म्हंजी? बिगर पुढाऱ्याचा फ्लेक्स एक दिवस टिकत न्हाई. लोक फाडून कडब्यावर झाकायला नेतेत. भाऊंचं तोंड आसलं की हात लावायची कुनाची टाप हाय?"

भाऊ वर बसले. खाली शुभेच्छुकांची रांग रिकामी राहिली, ती बंकटनं आपल्या कॉम्प्युटरमधल्या गॉगलवाल्या पोरांनी भरून टाकली. त्यातल्या एकालाही अंगद ओळखत नव्हता. तळाला बंकटनं न विचारताच अंगदचं नाव आणि मोबाईल नंबर टाकला. तो सगळ्यांचाच टाकायचा.

गुरुवारी सकाळी फ्लेक्स चढला. अंगदनं कचेरीत अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि समोरच्या हॉटेलात बसून अमरसिंहाची गाडी कधी येते ते बघायला लागला. सायली दोन खांबांच्या मध्ये हसत होती. इतकी मोठी, की तिचा हलणारा दात रस्त्यापलीकडून दिसत होता. वारा आला की गाल फुगत. अंगदला वाटलं, बघा म्हणावं आता, द्या टाळ्या! त्याचा ऊर भरून आला आणि त्यानं आणखी एक चहा मागवला.

तो चहा यायच्या आत तानाजीभाऊंचे कार्यकर्ते आले. भाऊंचा नवा फ्लेक्स लागला म्हणून खूश झाले, खाली उभे राहून फोटो काढले आणि जागच्या जागी भाऊंच्या ग्रुपवर, स्टेटसवर, मिळेल तिथं टाकले. हॉटेलवाल्याच्याच मोबाईलवर आला. "अवो, ही तुमचीच पोरगी ना? भावी?" त्यानं अंगदला दाखवला. तोंड, नाव, वय, बापाचं नाव, बापाचा नंबर. वांगं कुठंच नव्हतं.

अंगदच्या तोंडचं पाणी पळालं. तो धावत गेला, हॉटेलातलं स्टूल लावून खांबावर चढला आणि सुतळीची गाठ सोडायला लागला.

"ए बे, उतर खाली! भाऊंचं तोंड सोडतो व्हय?"

"अरे, माझ्या पोरीचा फ्लेक्स हाय. मीच लावलाय."

"पोरगी तुमची आसंल. भाऊ आमचे हायत. पोरीच्या वाढदिवशीच भाऊंना खाली उतरवता? कुनी पाठवलं तुमाला?"

आपल्याच लेकीच्या फ्लेक्सखाली उभं राहून आपण विरोधी गटाचे नाही हे अंगदला देवाशप्पथ सांगावं लागलं. तिथून तो असल्या तक्रारी घेणाऱ्या कचेरीत गेला. टेबलामागच्या माणसानं वर न बघता विचारलं, "लावला कुनी?"

"मीच."

"मग तक्रार कुनावर?"

"माझ्यावरच करा, पण काढा."

"तक्रार ऑनलाईन करायची आता. फ्लेक्सचा फोटो जोडा. तोंड स्पष्ट दिसलं पायजे. अन् सगळ्या गावाला बघता येती ती, पारदर्शक कारभार हाय."

अंगदनं त्याला हात जोडले. जन्मभर सरकारी नोकरी करून सरकारचा असा धाक त्याला पहिल्यांदाच वाटला.

भर दुपारी घरी आला, तर बातमी त्याच्या आधीच पोचली होती. ओट्यावर छबुबाई बसलेली, समोर रोहिणी उभी. "बाई, भाऊंच्या खाली काय शोभती तुजी लेक! म्या दिष्ट काढून आले. मीठमोहऱ्या वरपस्तोर पोचंनात, म्हून खांबावरूनच उतरवल्या."

छबुबाई गेली. रोहिणीनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

"का केलंत?" तिनं विचारलं.

"ऑनलाईन नव्हतं ते," अंगद म्हणाला.

"मी ते विचारलं नाही."

मग खरं बोलावं लागलं. "तू त्याला टाळ्या दिल्या," तो म्हणाला. "दोनदा."

रोहिणीला क्षणभर काही कळेनाच. कळलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमच्या जळण्यापायी पोरीला चौकात टांगलं? मी कुणापासून जपत होते तिला? आता ग्रुप बंद आणि रविवारही बंद. दुसऱ्यांच्या लेकरांत जायचं तोंड आपल्याला राहिलं नाही."

आतून चिंचोक्यांचा आवाज आला. अंगदनं डोकावून बघितलं. सायलीनं दोन्ही ढीग एकत्र केले होते आणि पिशवीत भरत होती. रडत नव्हती. सावकाश, एकेक करून भरत होती. अंगदला आपली अशी लाज वाटली की तो तिथंच भिंतीला टेकून खाली बसला.

तेवढ्यात फोन वाजला.

"अंगदराव का? मी अमरसिंह, परळीचा. 'घरीच शिकून' वाचलं आन् वळखलं, आपल्या ग्रुपातलं 'एक कुटुंब' ते हेच. नंबर फ्लेक्सवरूनच घेतला, 'भावी'च्या खालीच हाय की. चौकात थांबलोय. फोटो काढून सगळ्यांना पाठवावा असं लई वाटलं, पण दुसऱ्याच्या लेकराचा काढायचा न्हाई असा तुमचाच नियम हाय, म्हणून नुसतं अभिनंदन करावं म्हणलं."

हे म्हणजे जखमेवर मीठ. ज्याचं बघून आपण नियम मोडला तो उन्हात उभा राहून आपला नियम पाळतोय! दुसरा प्रसंग असता तर अंगदनं फोन ठेवला असता. पण आत पिशवीत चिंचोके पडत होते. त्यानं अमरसिंहाला सगळं सांगून टाकलं, फक्त टाळ्यांचं सोडून.

अमरसिंह पुढाऱ्यांच्या घरातला. तो म्हणाला, "सोपं हाय. भाऊंना उतरवायचं न्हाई, चढवायचं. भाऊंच्या नुसत्या तोंडाचा याच्यापेक्षा मोठा फ्लेक्स करा आन् ह्याच्यावरूनच बांधा. कार्यकर्ते अडवणार न्हाईत, उलट हार घालतील. स्टेटसचं मी चुलत्यांकडून भाऊंना सांगतो, पोरं आत्ता काढतील. पण खाली कुनीतरी शुभेच्छुक लागंल."

रोहिणी बाजूला उभी राहून ऐकत होती. तिनं फोन हातात घेतला. "यांचाच टाका," ती म्हणाली. "एकट्यांचा. तोंड स्पष्ट दिसलं पाहिजे."

फोन ठेवल्यावर ती अंगदकडं न बघता म्हणाली, "त्या माणसाला मोह झाला, तरी त्यानं नियम पाळला. अशा माणसांत मी सायलीला घेऊन जाईन. रविवारी जाऊ." आणि मग, "जळायचंच असेल तर आता जळा. आता कारण तरी आहे."

संध्याकाळपर्यंत सायली भाऊंच्या मागं गेली आणि चौकात हात जोडून उभा राहिला अंगद. पुढं काय झालं ते सांगायला नको. कचेरीत साहेबांनी खुर्ची दिली. गल्लीतली बायामाणसं नळाची तक्रार घेऊन ओट्यावर बसायला लागली. सासुरवाडीहून फोन आला की कोणत्या वॉर्डातून उभे राहताय. छबुबाईनं त्याचीही दृष्ट काढली.

रविवारी नारायणगडावर अमरसिंह भेटला. अंगदनं मनात ज्याची एवढी मोठी मूर्ती घडवली होती तो बुटका, घामाघूम झालेला, शर्टाचं बटण तुटलेला माणूस निघाला. रोहिणी आणि मोहिनी डबे उघडायला बसल्या. सुरज आणि सायली पाच मिनिटं एकमेकांच्या चपलांकडं बघत उभी राहिली आणि मग लंगडी खेळायला पळाली.

अमरसिंह जवळ सरकला. "एक विचारू, अंगदराव? वरीसभर माझ्या पोटात गोळा हाय. तुमी कधी काही दाखवत न्हाईत. आमची मोहिनी रोज म्हणती, बघा, एक कुटुंब कसं गप हाय, पोरीला काहीतरी जबरदस्त शिकवत असणार. न्हाईतर तुमी, म्हणती, रोज उठून पोराला नाचवता. तुमचं वांगं आलं की माझा दिवस खराब व्हायचा. आन् परवा त्या फ्लेक्सवर वाचलं, तीसपर्यंत, तेही उलटे! खरं हाय का?"

अंगदच्या अंगात असं काही सुख पसरलं म्हणता! वर्षभर हा माणूस आपल्यावर जळत होता! नुसतं 'हो' म्हणायचं होतं. मोहिनीही तिकडून ऐकत होती. रोहिणी मात्र डब्यातून मान वर करून त्याच्याकडं बघत होती.

"न्हाई," अंगद म्हणाला. "सतराला अडकती."

अमरसिंहानं एवढा मोठा श्वास सोडला की शर्टाचं दुसरंही बटण ताणलं. "आमचा तेरालाच अडकतो. व्हिडिओत मी मागून सांगत असतो."

दोघं इतके हसले की बायकांनीही वळून बघितलं. त्या आनंदात अमरसिंहाचा हात सवयीनं खिशात गेला आणि फोन बाहेर आला.

लंगडी घालणारा सुरज होता तिथं थांबला. दोन्ही पाय टेकले, मान जरा वाकडी केली आणि हसला. तेच हसू, रोजचं. आणि सायली पाठ फिरवून, तळहातांनी तोंड झाकून मटकन खाली बसली. दोघांनाही कुणी काही सांगितलं नव्हतं.

अमरसिंहानं फोन घाईघाईनं खिशात टाकला. तरी पोरं हलेनात.

"गेला का फोन?" सायलीनं हातांआडून विचारलं.

"गेला, बाळा," अंगद म्हणाला.

सुरज अजून हसतच उभा होता. "झालं, सुरज," अमरसिंह म्हणाला, तेव्हा ते हसू उतरलं.

सायली उठली. तिनं दोघा बापांकडं आळीपाळीनं बघितलं. "पप्पा, काका, तुमी दोघं तिकडं तोंड करून बसा ना. आमाला खेळायचंय."

दोघंही मुकाट्यानं वळून बसले. मागं पोरं लंगडी घालत होती, पडत होती, खिदळत होती. त्यातलं सायलीचं हसणं कुठलं आणि सुरजचं कुठलं, ते दोघं कान देऊन ओळखायला बघत होते.